पुस्तकाच्या जन्माचं पान

त्या दिवशी ऊन असं होतं की आमच्या पिंप्राळ्यात कुत्रंसुद्धा सावली सोडेना. तशात धुळ्याचे एक गुरुजी आले, जुनी पुस्तकं जमवणारे. मला वाचता येत नाही, पण वडिलांचं पुस्तक मी जपलंय.

"नाना, पहिली आवृत्ती निघाली तर वडिलांच्या नावानं संग्रहालयात ठेवू. साल कुठं छापलंय?"

वडील म्हणायचे, पुस्तकाचा जन्म या पानावर असतो. तेच पान मी ऐटीत उघडलं, अन् गुरुजी चष्मा सावरत त्यावर वाकले. दर दसऱ्याला ओलं हळदकुंकू मी तिथंच लावत आलो; साल पार बुजलेलं.

"आता कसं ओळखणार?" गुरुजी म्हणाले.

शेजारचा भिका मला म्हणतो, "नाना, दर दसराले एक थर शे ना? थर मोजी ल्या, वय निंघी जाई!"