कुंपणावरचा कडुनिंब

एक सांगा मंडळी, माणसातला देव बघायला तिकीट कुठवरचं काढावं? पुढच्या रांगेतले काका, बॅग भरू नका! आधी ऐका.

सांगोल्यात नीळकंठराव उपळेकर राहायचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. छंद काय? प्रवास करायचा आणि प्रवासावर लिहायचं! हिमालय तीनदा पाहिलेला. तिथं एका म्हाताऱ्यानं चहा पाजला, तर ह्यांनी चार पानं लिहिली — ‘त्याच्या रूपात साक्षात भगवंत भेटला!’ वा!

आणि घरी? शेजारी एक शिंपी. सगळं गाव त्याला टेलर म्हणे, हेही टेलरच म्हणत. दोघांच्या कुंपणावर एक कडुनिंब. पानं पडायची रावांच्या अंगणात. झालं! नऊ वर्षं अबोला! हिमालयातलं पान पडलं की वहीत जपायचं, दारातलं पडलं की शिव्या! आहे की नाही गंमत?

शेवटी रावांनी लाकूडतोडे बोलावले. टेलर हात जोडून आला. “सायेब, नका तोडू. बादलीबादलीनं पाणी घालून जगवलाय त्याला.”

“कचरा तुम्ही काढता का?” राव गरजले. “चालवा रे कुऱ्हाड!”

वैशाखाचं ऊन! राव डोक्याला काही न बांधता तासभर उभे — फांदी इकडे पाडा, तिकडे पाडा! दोन फांद्या पडल्या... आणि तिसऱ्या वेळी खुद्द रावच पडले. धाडकन!

लाकूडतोडे घाबरून मागं सरले. टेलर मात्र कुंपण ओलांडून धावला. रावांना उचललं, उरलेल्या सावलीत निजवलं. मांडीवर डोकं घेतलं, कपाळावर ओला पंचा ठेवला, वारा घालत बसला. बराच वेळ! रावांनी डोळे उघडले.

“दमानं, सायेब. घोट घोट प्या.”

राव पाणी प्यायले. त्या तोंडाकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, “आपलं... नाव काय हो?”

मंडळी, नऊ वर्षं! मधे एकच कुंपण!

“भिवा. भिवा रणशिंगे.”

रावांना हुंदका आवरेना. तेवढ्यात लाकूडतोड्यानं विचारलं, “सायेब, बुंध्याला हात घालू का?”

“अरे, दिसत नाही का?” राव म्हणाले, “आम्ही दोघं सावलीत बसलोय!”

हसलात? छान. आता जरा उजवीकडे बघा. माझ्याकडे नव्हे हो, उजवीकडे! वर्षानुवर्षं कीर्तनाला ह्याच सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसता ना? नाव ठाऊक आहे त्यांचं?

नाही?

मग विचारा की! टाळ खाली ठेवलेत मी. थांबतो.