मांगून भरलेला ठेका

जलम रिठदचा, पण पोट भरलं मंगरूळपीरनं. बाप शिंपी, मीबी शिंपी, दुकान कॉलेजच्या फाटकासमोर. पोरं-पोरी पुढं डॉक्टर होवोत का मास्तर, प्रयोगशाळेतला पांढरा कोट माह्याच हातचा घालते. काय सांगू तुमाले, साऱ्या गावाची छाती-कंबर माह्या वहीत हाय, कोणाची किती वाढली थे मी बायकोलेबी सांगत नाही. अन् दुसरा धंदा, म्हणजे धंदा नाही, इश्क म्हणा, तो खंजेरीचा. मारुतीच्या देवळात हर शनवारी भजन, अन् तीस वर्षांपासून पुढच्या सतरंजीवर मी. मी खंजेरी उचलली का बाया पदर सावरून बसत. आता थोडं वाढवून सांगून राह्यलो, पण थोडंच. माह्या मांगं दुसरी खंजेरी घेऊन गजानन. गरीब माणूस. मागची खंजेरी म्हणजे लग्नातला करवला रे, तुले कोण पाह्यते, असं मी त्याले चिडवो, अन् तो नुसता हासे.

मंग तो अपघात. मानोऱ्याच्या रस्त्यानं सायकलवर कापडाचं गाठोडं घेऊन येत होतो, मांगून मालाची गाडी आली, मी इकडं, गाठोडं तिकडं, अन् उजवा हात चाकाखाली. हाडं जुळली, पण आंगठ्याजवळची दोन बोटं वळतच नाही. कैची धरली का गळून पडे. शिंप्याची कैची गळून पडते म्हणजे काय होते थे तुमाले सांगायले पाह्यजे का?

आमच्या कॉलेजात कायदा शिकवणारी एक वकीलबाई हाय, दर रविवारी गरिबाले फुकट सल्ला देते. तिनं गाडीच्या विमा कंपनीवर दावा टाकला, अन् मले एकच गोष्ट बजावली, काका, साक्ष होईपर्यंत खंजेरीले हात लावू नका. मी म्हनलं म्याडम, कैची गेली, आता खंजेरीबी सोडली त घरी बसून करू काय, बायकोचं तोंड पाहू? थे म्हने, पाहा, चांगली हायेत काकू.

तीन शनवार पाह्यलं बायकोचं तोंड. चवथ्या शनवारी गेलो देवळात. भीत भीत पह्यली थाप मारली, अन् काय सांगू तुमाले, ठेका बसला! एकबी मात्रा पडली नाही! कैचीत वळत नाही थे बोट खंजेरीवर पळते, मी म्हनलं मारुतीची करणी हाय. असा खुश झालो का मीच एकाले म्हनलं, काढ रे मोबाइलवर, अन् टाक ग्रुपवर. टाकलं. गावानं पाह्यलं, अन् कंपनीच्या वकिलानंबी पाह्यलं.

वाशिमले कोर्टात मी पिंजऱ्यात उभा, अन् थो वकील जजसाहेबाले मोबाइल दाखवून मले इचारते, हे तुमीच का? म्हनलं मीच. वाजोलं कसं, बरोबर का चुकीचं? आता पाहा माही गंमत. बरोबर म्हनलं त दावा बुडते, का खंजेरी वाजोणाऱ्या हाताले कैची काहून धरता येत नाही? चुकलं म्हनलं त तीस वर्षांचं नाव जाते, अन् थेबी खोटं बोलून, कारण माह्या कानानं ऐकलं होतं, ठेका बरोबर होता. दोन्हीकडून दार बंद. वकीलबाई डोळ्यानं खुणावून राह्यली. अन् माह्या तोंडातून काय निघालं? साहेब, झकास वाजोलं! बाईनं कपाळाले हात लावला.

बाहेर आल्यावर थे म्हने, त्या दिवशी तुमच्या जवळ कोण बसलं होतं, त्याची साक्ष घेऊ. म्हनलं गजानन. पण गजानन तयारच होईना. दुकानात येऊन हात जोडते, भाऊ, मले नोको नेऊ. म्हनलं काहून रे, जजसाहेब काय खाते का तुले? कसं उभं राह्यचं, कसं बोलायचं, सारं मी त्याले करून दाखोलं. तो काही हासला नाही.

तारखेले तो पिंजऱ्यात चढला. जजसाहेबाकडं पाहेना, माह्याकडं पाहे. अन् म्हने, साहेब, याची दोन बोटं लागतच नाहीत. याचा ठेका पडला का मी मांगून भरत होतो. आवाज माह्या खंजेरीचा हाय. कंपनीचा वकील उठला, मंग तुमच्या दोस्ताले हे सांगतलं काहून नाही? गजानन म्हने, सांगू कसा साहेब? अपघातानंतर चार महिन्यांनी हासला होता तो.

मी मांगं बाकावर बसलो होतो. सारं कोर्ट माह्या हाताकडं पाहून राह्यलं. आमचा दावा त्या दिवशी उभा राह्यला, वकीलबाई खुश, अन् मी हात धोतराच्या सोग्यात लपोला. येताना बसमधी गजानन म्हने, भाऊ, रागावला का? अर्धा रस्ता सरला तई मी म्हनलं, शेंगदाणे खाशीन का?

निकाल अजून लागाचा हाय. तारखा पडून राह्यल्या. दुकानात बायको कापते, मी मापं सांगतो. शनवारी मी म्हनलं, गजानन, आता तू पुढं बस. त्यानं मले खांद्याले धरून पुढच्या सतरंजीवर दाबून बसोलं, म्हने करवल्याले पुढं बसोते का कोणी? मंग बसलो. भजन रंगात आलं तई मी एक गोष्ट केली, कोणाले सांगू नका. हात उचलला अन् मारलाच नाही, तसाच हवेत धरला. ठेका काही तुटला नाही.

देव त्याची दहाबी बोटं शाबूत ठेवो.