घरी बसून पाहिलेली मॅच

बायको: अहो, बसा की. तुम्ही असे टीव्हीसमोर उभे, मी काय तुमच्या पाठीवर मॅच बघू?

मॅनेजर: तू कधीपासून मॅच बघायला लागलीस?

बायको: आजच. आज जिंकला नाहीत तर टीम खालच्या गटात जाणार, मालक तुम्हाला नारळ देणार आणि क्लबचं हे घर सुटणार. म्हटलं, कोणाच्या पायाने सुटतंय ते तरी बघावं.

मॅनेजर: माझा फोन कुठंय?

बायको: पिठाच्या डब्यात.

मॅनेजर: चेष्टा नको.

बायको: चेष्टा कसली? मैदानात पाऊल टाकायचं नाही, मॅच संपेपर्यंत टीमशी बोलायचं नाही, अशी बंदी आहे ना तुमच्यावर? गेल्या खेपेला रेफरीच्या अंगावर धावून गेलात, तेव्हा नाही सुचलं?

मॅनेजर: पेनल्टी होती ती! आंधळ्यालाही दिसली असती. अरे, दे ना पास! उजवीकडे मोकळा आहे तो! बघ, अजून एकही गोल नाही, वेळ संपत आली आणि हे तुझे भाऊजी हाताची घडी घालून उभे.

बायको: माझे भाऊजी म्हणे! इतकी वर्षं तुमच्याच बरोबर खेळले. तुम्हीच हाताला धरून सहायक केलंत त्यांना.

मॅनेजर: बचावातला माणूस तो. गोल कसा होतो ते त्याला काय... थांब. बाकावरून कोण उठलं ते?

बायको: तो लांब ढांगांचा. टोळ म्हणता ना तुम्ही त्याला?

मॅनेजर: नाही! बजावून ठेवलं होतं मी. आभाळ कोसळलं तरी टोळाला उतरवायचं नाही. आण तो डबा.

बायको: डब्याला हात लावून तर बघा. एवढं काय वाईट आहे त्याचं?

मॅनेजर: मागे पळत नाही. पास देत नाही. गोलच्या तोंडाशी उभा राहतो आणि जगाने बॉल आणून आपल्या पायाशी ठेवावा म्हणून वाट बघतो. वर रुबाब. हसतेस काय?

बायको: काही नाही. ओळखीचं वाटलं.

मॅनेजर: मी पळायचो.

बायको: बॉल मिळाला की पळायचात.

मॅनेजर: गुडघा काय उगाच गेला माझा?

बायको: गुडघा गेला तेव्हा, खरं सांगू, मला वाटलं होतं, सुटलो. आता एका जागी राहू. खेळाच्या सामानाचं दुकान टाकाल. कसलं काय, कुबड्या सुटायच्या आत तुम्ही मॅनेजर! लेकीची ही चौथी शाळा. या घरात तिने भिंतीवर एकही चित्र लावलेलं नाही, बघितलंत? म्हणते, परत काढायचीच ना.

मॅनेजर: असं म्हणाली?

बायको: तुम्हाला नाही म्हणणार. अहो, ते बघा! टोळाकडे आला बॉल!

मॅनेजर: वळ! वळ की! मार... अरे, मार!

(बाहेर रस्त्यावरही एकच आरडाओरडा. मॅनेजर सकाळपासून पहिल्यांदाच खुर्चीत बसतो.)

बायको: गोल झाला ना? मग असे मटकन काय बसलात?

मॅनेजर: मी तिथे असतो तर त्याला उतरवलंच नसतं.

बायको: हं.

मॅनेजर: खालच्या गटात गेलो असतो आपण. आणि बघ त्याच्याकडे, एकटाच पळत सुटलाय कोपऱ्यातल्या झेंड्याकडे. ज्याने पास दिला त्याच्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

बायको: तुम्ही कधी बघितलंत?

मॅनेजर: तुला काय माहीत? तू कुठे होतीस मैदानावर?

बायको: पहिली दोन वर्षं होते की. एक मॅच चुकवली नाही. गोल झाला की तुम्ही त्या कोपऱ्याकडे पळायचात. आम्हा घरच्यांना बसायला जागा दुसऱ्या बाजूला होती. मग यायचं सोडलं.

मॅनेजर: बोलली नाहीस कधी.

बायको: घरी आलात की तुम्ही तोच गोल सांगत बसायचात. मध्ये कुठे बोलणार?

(मॅनेजर खुर्ची बाजूला सरकवून तिला टीव्हीसमोर जागा करून देतो.)

बायको: शिट्टी झाली वाटतं. जिंकलात?

मॅनेजर: जिंकले ते.

बायको: मग घ्या हा फोन. पुसून घ्या, पीठ लागलंय. वाजतोय बघा, भाऊजीच असणार.

सहायक (फोनवर): वाचलो रे, वाचलो! आता घाल शिव्या, काय घालायच्या त्या. टोळाला मीच उतरवला.

मॅनेजर: बघितलं. बरं केलंस. माझ्याच्याने झालं नसतं. तो आहे का जवळ? दे त्याला... हां, मीच. नाही, ओरडायला नाही. गोल चांगलाच होता, ते तुझं तुला माहीत आहे. मला सांग, मॅचला घरचं कोणी आलंय का तुझ्या? ...आई? कुठे बसलीय? ...मग माझ्याशी काय बोलत बसलायस? जा तिकडे.