आमच्या रोहिदासाची हार्ड शिप

आता तुम्हीच सांगा, पगार सारखाच म्हणं, मग बबनरावाची छाती माझ्यापेक्षा वीतभर जास्त फुगती कशी? आवो, शेजारी माझा! त्याचा पिंटू नेव्हीत, माझा रोहिदास मिल्ट्रीत, दोघं चिखलीच्या एकाच मैदानावर पळून पळून भरती झाले. मी रोहिदासाला फोनवर इचारलं तर म्हणतो, "आबा, बेसिक तिन्ही दलांत सारखंच असतंय, भत्ते तेवढे वेगळे." तेवढे! सगळी आग त्या 'तेवढ्या'लाच लागली की वो! पिंटू बोटीवर चढला की बोटीचा भत्ता, वर मोबाइलवर फोटू... मागं निळं पाणी, म्होरं पिंटू, आन् बबनराव दाखवतो कसा, "बघा भाऊ, परदेश!" आमच्या रोहिदासाचा फोटू आला तर बरफात नुसतं नाक दिसतंय. खालच्या मजल्यावरचा सनी हवाई दलात, तो लोहगावला, ऐतवारी घरी येऊन आईच्या हातचं मटण हाणतो. त्याला मटणाचा भत्ता न्हाई, एवढंच! आन् पगार सारखाच म्हणं! बरं, देहूरोडचं स्वस्त सामानाचं कँटीन तरी मिल्ट्रीचं का न्हाई? तितंबी लाइनीत माझ्या म्होरं बबनराव... पिशव्या दोन!

हे सगळं मी गिळलं असतं, माझा स्वभाव गरीब. पण योगिनीचं स्थळ आलं. पोरगी चाकणला कंपनीत इंजिनियर, आन् बाप सरळच बोलला, "दोन पोरं बघतोय. एक तुमचा, एक बबनरावांचा." झालं का! परत रोहिदासाला फोन. "आरं, तुला काय जास्तीचं मिळतंय का न्हाई?" तो म्हणाला, "मिळतंय की आबा, हार्डशिप हाय मला..." आन् फोन कटला. पण मला पायजे ते मी ऐकलं!

पाहुणे आले, योगिनीबी संगं. पोहे दिले. बाप म्हणतो, "पिंटूला बोट आहे, त्याचा भत्ता आहे..." मी मिशीवरनं हात फिरवला. "आमच्यालाबी हाय की शिप! आन् साधी न्हाई, हार्ड! बरफात चालती!"

बापाचा चमचा हवेतच. मग योगिनी हळूच म्हणाली, "आबा, हार्डशिप म्हणजे हाल. हाल सोसायचा भत्ता."

मेलो! म्हंजी बबनरावाच्या पोराला बोट आन् माझ्या पोराला हाल! वर पगार सारखाच म्हणं! गेलं स्थळ, म्हटलं... तेवढ्यात आतनं आमची सोजराबाई आली, हातात च्याचा ट्रे, "अगं बाई, हाल सोसायचाबी भत्ता असतो व्हय? मग ह्यांच्यासंगं नांदले, त्याचा माझा कुटं गेला गं?"

योगिनी अशी हसली म्हणता, डोळ्यांत पाणी आलं पोरीच्या. बापाला म्हणती, "बाबा, दुसरं घर बघायचं नाही. सासू मला हीच पाहिजे." मग रोहिदासाशी व्हिडिओवर बोलली... त्या नाकालाबी हो म्हणाली!

जुळलं, तुम्हाला सांगतो, जुळलं. पण नाव कुणाचं झालं? म्हातारीचं! सगळी आळी तिलाच म्हणती, "काकू, तो भत्ता परत सांगा की." योगिनीचा फोन तिला, रोहिदासाचा फोन तिला, बबनरावबी येऊन बसतो, "वहिनी, आमच्या पिंटूचं तेवढं बघा." आन् मी? मी कोपऱ्यात शेंगा सोलतो. बबनरावावर जळत होतो तेच बरं होतं हो... तो निदान भित्तीपल्याड राहतो. ही तर घरातच हाय!