एकेचाळीस प्रेक्षक

डॉक्टर: फोटो टाका हो बाई, फोटो! माझं पान बघा. आधी किडलेला दात, शेजारी तोच दात चकचकीत. लोक धावत येतात.

बाई: दातांचं ठीक आहे. समुपदेशनाचं काय टाकू? आधी रडणारा माणूस, शेजारी हसणारा?

डॉक्टर: टाका की, काय बिघडलं?

बाई: आणि तो त्याच्या सासूनं बघितला म्हणजे? अहो, माझ्याकडे येणारा माणूस घरी ‘दाढ दुखतेय’ असं सांगून येतो.

डॉक्टर: येतो? कधी आला?

बाई: यायचा. हॉस्पिटलात बावीस वर्षं रांग असायची माझ्या दाराशी.

डॉक्टर: इथे सहा आठवड्यांत तुमच्या दाराशी आले ते सगळे माझेच. गाल धरून.

बाई: चौघं. चौघांनाही मी अदबीनं शेजारचं दार दाखवलं. एक जण तर माझ्या खुर्चीत आ वासून बसला.

डॉक्टर: मग बसलाच होता तर विचारायचं त्याला, झोप लागते का!

बाई: चेष्टा पुरे. मला आज ठरवायचंय. तीन-तीन ठिकाणी लिहिणं, बोलणं माझ्यानं होत नाही. एकच जागा ठेवायची आणि तिथे जीव ओतायचा. महिनाअखेरपर्यंत एकही माणूस आला नाही, तर ही खोली सोडणार आहे मी.

डॉक्टर: सोडणार? हे कधी ठरलं?

बाई: झाले चार दिवस.

डॉक्टर: रोज चार वाजता चहाला बसतो आपण. मला बोलला नाहीत.

बाई: आता बोलले. ऐका. माझा तो तीन मिनिटांचा व्हिडिओ, घरात बोलायला कुणी उरत नाही तेव्हा माणसाचं काय होतं, त्यावरचा. तोच मी तिन्हीकडे टाकला होता. फेसबुकवर भावानं आणि वहिनीनं लाइक केलं. वहिनीनं खाली लिहिलं, ‘जेवून घेत जा, बारीक दिसतेस.’

डॉक्टर: झालं! आणि इन्स्टाग्राम?

बाई: नऊ जणांनी बघितला. त्यातल्या एकीनं विचारलं, मागचा पडदा कुठून घेतला?

डॉक्टर: पडदा आहेच छान.

बाई: आणि यूट्यूबवर एकेचाळीस.

डॉक्टर: हं.

बाई: हं काय? एकेचाळीस, डॉक्टर! मी रोज आकडा बघत बसते. दुसरं काम काय आहे म्हणा. सकाळी हलत नाही, संध्याकाळी हलत नाही. दुपारी दीड ते दोनच्या मध्येच कधीतरी वाढतो. एकानं, कधी दोनानं. आणि अर्धवट नाही हं सोडत, शेवटपर्यंत बघतं कुणीतरी.

डॉक्टर: असेल कुणी रिकामटेकडा.

बाई: रिकामटेकडा नाही. जेवणाच्या सुट्टीतला माणूस आहे तो. एखाद्या ऑफिसातला कारकून असावा. सगळे घोळक्यानं जेवतात, हा कोपऱ्यात जाऊन डबा उघडतो आणि मला लावतो. लाइक करत नाही, कारण कुणाला कळायला नको. म्हणून तर त्यानं ही जागा धरली. पटतंय ना? दुसरा व्हिडिओ मी त्याच्यासाठीच लिहून ठेवलाय. रोज सकाळी दार उघडताना वाटतं, आज त्याचा फोन येईल.

डॉक्टर: इन्स्टाग्राम घ्या.

बाई: काय?

डॉक्टर: नाही म्हणजे, तरुण मंडळी असतात तिथे. यूट्यूबच्या भरवशावर राहू नका.

बाई: एकेचाळीस लोक सोडून एका पडद्याच्या मागे लागू?

डॉक्टर: एकेचाळीस लोक नाहीत ते.

बाई: मग कोण आहेत?

डॉक्टर: चहा गार होतोय तुमचा.

बाई: डॉक्टर.

डॉक्टर: पस्तीस वेळा तरी मीच असेन.

बाई: तुम्ही? का? माझी दया आली म्हणून?

डॉक्टर: पहिल्या दोन वेळा तसंच. म्हटलं शेजारधर्म आहे, वाढवावा आकडा. मग... कारकून वगैरे नाही हो तो. दाराला आतून कडी घालतो आणि पेशंटच्या खुर्चीत बसून जेवतो. फोन ठेवतो चूळ भरायच्या ग्लासाला टेकवून. ही गेल्यापासून दोन वर्षं असंच चाललंय. आधी रेडिओ लावायचो.

बाई: पण तुम्ही दिवसभर बोलत असता! भिंतीतून ऐकू येतं मला.

डॉक्टर: बोलणारा मीच ना. समोरच्याच्या तोंडात माझा हात. ‘मुलं काय म्हणतात?’ विचारलं की तो ‘आँ आँ’ करतो. चूळ भरली की निघाला. बत्तीस वर्षं झाली, सगळ्यांना वाटतं माणूस मोठा गप्पिष्ट आहे. घरी ही होती तोवर मलाही तसंच वाटायचं.

बाई: मी आकडे मोजत बसले आणि भिंतीपलीकडे तुम्ही! बावीस वर्षं हेच काम केलं मी, आणि मला दिसलं नाही.

डॉक्टर: दिसू दिलं नाही. म्हणून म्हणतो, आता घ्या मला. तुम्हाला पहिला माणूस मिळेल, खोलीही सुटणार नाही. आणि मला बोलायचंय हो कुणाशी तरी. फार झालं आता.

बाई: नाही घेता येणार.

डॉक्टर: का?

बाई: ओळखीच्या माणसाला घेत नाहीत आमच्यात. घेतलं तर ओळख सोडायची. हा चहा बंद. जिन्यात भेटलात, तर तुम्ही बोलल्याशिवाय मी ओळखही दाखवायची नाही. वहिनी काय म्हणाली, पडदा कसा आहे, यातलं एक अक्षर नाही.

डॉक्टर: फारच कडक आहे तुमचं.

बाई: कडकच आहे. हॉस्पिटलात माझ्या शेजारच्या खोलीत एक समुपदेशक होती, ती आता पुलापलीकडे बसते. हा तिचा नंबर. माझ्यापेक्षा काकणभर सरसच आहे.

डॉक्टर: हे माझ्या भल्यासाठी सांगताय ना? टाळत नाही ना मला?

बाई: नियम तुमच्या भल्यासाठीच आहे. पण खरं सांगू? आत्ता तुम्ही बोलत होतात, तेव्हा मी तो मोडायला निघाले होते. पहिला माणूस दारात उभा, नाही कसं म्हणायचं? मग मनात आलं, चार वाजता मी कुणाशी बोलू? आज सकाळपासून मी कुणाशी एक शब्द बोललेले नाही, डॉक्टर. कालही तुमच्याशीच बोलले होते.

डॉक्टर: आणि खोली?

बाई: महिनाअखेरपर्यंत आहे. दुसरा व्हिडिओ टाकते. यूट्यूबवरच.

डॉक्टर: अहो, सांगितलं ना, एकेचाळीस नव्हते ते.

बाई: तुम्हाला धरून सात तर होतील? सातांतल्या एकाला बोलावंसं वाटलं. पुष्कळ झालं. लावा फोन. मी आत जाते.

डॉक्टर: नको. बसा इथेच.

(तो नंबर लावतो.)

डॉक्टर: हॅलो? वेळ हवी होती एक... नाही, मुलासाठी नाही. माझ्याचसाठी... बुधवार? चालेल, चालेल... कुठून कळलं म्हणजे?... नाही हो, नेटवर नाही बघितलं. मैत्रिणीनं सांगितलं.