दुनळीची साक्ष

गोदूबाई : याला अंगणातच बसव, पीयूष. आणि ती बंदूक याच्या हाताशी ठेवू नकोस.

पीयूष : आजी, बंदूक रिकामी आहे. चैत्याकाका, तुम्ही इकडे खुर्चीवर बसा.

चैत्या : नको. मी पायरीवर बेस हाय.

गोदूबाई : पस्तीस वर्षांपूर्वी याच पायरीवर तुझ्या आजोबांच्या पायात छर्रे घुसले, ते याच्या, आपल्या तेव्हाच्या राखणदाराच्या हातून. जन्मभर लंगडत चालले बिचारे. काल लायसन्स तुझ्या नावावर झालं, आज बंदूक मुंबईच्या दुकानातून घरी आली, आणि आजच हा त्याच्या उधवा गावाहून इथे चिखल्याला उगवला. मला हे काही सरळ दिसत नाही.

पीयूष : यांना मी गाडीत घालून आणलंय. येत नव्हते.

गोदूबाई : दोन वर्षांपूर्वी आजोबा गेले, तेव्हा नाही तो आला.

चैत्या : आलो होतो, बाय. फाटकाशी उभा राहून गेलो.

गोदूबाई : मला नाही कोणी सांगितलं.

चैत्या : कोण सांगणार? उधव्यात पोरं मला अजून बंदूकवाला म्हणतात. शेठवर बार टाकणारा. माझी बायको नवशी मेली तोवर तेच ऐकत होती. त्याच्यानंतर राखणीचं काम कोणी दिलं नाय. भट्टीवर विटा थापल्या.

गोदूबाई : मग काय करायचं होतं? आदल्या दिवशी त्यांनी तुझ्या थोबाडीत मारली, आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या हातून बार उडाला. माणसं दोन आणि दोन चार करतातच. तरी यांनी पोलिसांत तक्रार दिली नाही. एवढं मोठं मन कोणाचं असतं?

पीयूष : आजी, त्याबद्दलच बोलायचंय. दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिराने बंदूक पूर्ण खोलली.

गोदूबाई : खोलली? मग हीच परत दिली कशावरून? आमची अमेरिकन आहे. घोलवडच्या पारशाने माझ्या सासऱ्यांना दिली, तेव्हाच ती जुनी होती. एकदा खाडीच्या चिखलात पडली, भरतीचं पाणी तिच्यावरून गेलं, तरी काढून पुसल्यावर पहिल्या बाराला उडाली. अशी वस्तू बघून दुकानवाल्याची नजर फिरायला किती वेळ?

पीयूष : मग ओळखा. घ्या मांडीवर.

गोदूबाई : चष्मा दे. इथे कोरलेला पक्षी होता... आहे. पंखाच्या रेघांत कुंकू आहे. माझंच. दर दसऱ्याला पाटावर मांडून पूजा करायचे मी. हळदकुंकू वाहायचे, आणि वाडीतल्या नारळांचं ताजं तेल घालायचे.

चैत्या : झेंडूचं फूल मी आणायचा.

गोदूबाई : हो. तू आणायचास.

पीयूष : आता नळ्या उघडायची वरची ही चावी बघा. कारागीर म्हणाला, बंदूक झिजत गेली की ही चावी उजवीकडून मधे सरकते, खूप झिजली तर डावीकडे जाते. हिची अजून उजवीकडेच आहे. त्याने हाताखालच्या माणसांना बोलावून दाखवली. म्हणे, या जुन्या अमेरिकन दुनळ्यांचं एवढं नाव आहे ते उगाच नाही, अजून दोन पिढ्या वाजेल.

गोदूबाई : मग तेच मी तेव्हा म्हणत होते. हा म्हणाला, काडतूस भरून नुसती मिटली आणि उडाली, चापाला बोट लावलंच नव्हतं. अशी बंदूक आपोआप कशी उडेल?

चैत्या : तू दारात उभी राहून बोललीस, बंदूक खोटं बोलत नाही चैत्या, तू बोलतोस.

गोदूबाई : बोलले असेन.

चैत्या : बोललीस, बाय. त्याच्यानंतर मी कुठं काय बोललो नाय.

पीयूष : आजी, बंदूक आपोआपच उडते. बार नसताना त्याने माझ्यासमोर दहा वेळा मिटून दाखवली. सहा वेळा उजवा घोडा खाडकन पडला. बोट न लावता.

गोदूबाई : आत्ता तर म्हणालास झिजली नाही.

पीयूष : झिजली नाहीच. आत घोडा अडकायची एक खाच असते. ती कोणीतरी घासलीय, चाप हलका करायला. कानशीच्या रेघा मी भिंगातून बघितल्या. करवतीच्या दातांना धार लावायची बारीक तिकोनी कानस असते ना, तिच्या.

गोदूबाई : मग यानेच घासली असेल.

चैत्या : कानस माझ्याकडं कुठली, बाय? कोयत्याला धार मी दगडावर लावायचा.

गोदूबाई : दुकानात घासली असेल, दुरुस्तीचं काम काढायला. असले लोक—

पीयूष : खाचेवर जुन्या तेलाचा थर चिकटला होता. लाखेसारखा. तो सोडवल्यावर रेघा दिसल्या. तो म्हणाला, हे खोबरेल आहे, बंदुकीत कोणी खोबरेल घालतं का? थंडीत ते गोठतं आणि चाप अडकतो. चाप जड लागला म्हणून कोणीतरी कानस चालवली. नुसतं रॉकेलने धुतलं असतं तरी भागलं असतं.

(गोदूबाई बंदुकीवरचा हात काढून पदराला पुसते.)

गोदूबाई : चैत्या, त्यांनी तुला थोबाडीत का मारली होती?

चैत्या : जाऊ दे, बाय. शेठ गेले आता.

गोदूबाई : मी विचारतेय.

चैत्या : मी बोललो, शेठ, चाप केसासारखा हलका झालाय, वालाच्या शेतात डुकरं आली तर ही मी भरणार नाय. ते बोलले, माझ्या हातची वस्तू तू मला शिकवतोस? आणि मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी डुकरं आली. ते बोलले भर, म्हणून भरली.

गोदूबाई : त्या वर्षी थंडी फार होती. चाप अडकतो म्हणून रोज चिडचिड चालायची. चिकूच्या फांद्या छाटायची करवत ते स्वतः घासायचे, कानशीला कोणाचा हात लागू द्यायचे नाहीत. संक्रांतीच्या आधी एका दुपारी झोपाळ्यावर करडी भुकटी सांडली होती. मी विचारलं, करवत घासलीत का? हो म्हणाले. मी फडक्याने पुसून टाकली. करवत तेव्हा सुताराकडे होती, पीयूष. मला माहीत होतं ती सुताराकडे आहे.

पीयूष : आजी, पाणी आणू?

गोदूबाई : नको. तक्रार दिली नाही ते मोठं मन नव्हतं. पोलिसांनी बंदूक उघडली असती. पुन्हा कधी भरली नाही त्यांनी. दर इलेक्शनला डहाणू ठाण्यात जमा करायला जायचे, तेव्हा हवालदाराला सांगायचे, मिटू नका, उघडीच ठेवा. मला वाटायचं, किती जपतात.

पीयूष : काकांना मी एवढ्याचसाठी आणलं. तुम्ही त्यांच्यासमोर ऐकावं म्हणून.

गोदूबाई : ऐकलं. आता मला उधव्याला घेऊन चल. याच्या पाड्यावर, चार माणसं असतील तेव्हा. मी सांगेन, बार कोणामुळे उडाला ते.

चैत्या : शेठचं नाव जाईल, बाय.

गोदूबाई : तुझं गेलं तेव्हा मी दारात उभी होते. तेल माझं होतं, तेही सांगेन. वर खुर्चीवर बस, चैत्या. पीयूष, चहा टाक, याच्यासाठी आपल्या कपात.

चैत्या : साखर कमी घाल रे.

गोदूबाई : आणि दसऱ्याला ये. फूल तू आण पूर्वीसारखं.

चैत्या : आणीन. पण तेल नको घालू, बाय.