खुंटीवरचं इष्टलिंग

...न्हाई हो, भेकड म्हणू नका मला. ताडकळसच्या बाजारात मिसरूड फुटल्यापासून किराणा विकायलोय, दुकानात शिरलेला बैल शेपटीला धरून बाहेर काढलाय, पण पुण्याहून लेक फोनवर रडत म्हणती, "अप्पा, सृष्टी माझ्या हाताबाहेर गेली, दहावीनंतरचं एक वर्ष तुमीच सांभाळा," तर तुमाला सांगतो, भिऊ न्हाई तर काय करू?

नात आली ती केस निळे करून. आमची चन्नबसम्मा दारातच थबकली, "अगं बाई, डोक्यावर नीळ सांडली का काय?" तर ही कानातलं गाण्याचं बोंडूक काढून म्हणती, "मुद्दाम सांडलीय, आजी." दिवसभर मुकी, आन् तोंड उघडलं की एकच, "पुण्याची बस कितीला?"

आता आमच्या लिंगायतांत कसं, इष्टलिंग एकदा गळ्यात आलं की जीव असेस्तोवर उतरत न्हाई... अंघोळीत न्हाई, झोपेत न्हाई. हिच्या गळ्यात नव्हतंच. मीच हौसेनं बांधलं, वर धाकही घातला, "हरवलं तर जीव गेला समज." काय अवदसा आठवली होती, कुणास ठाऊक.

बाजारचा दिवस, दारात गिऱ्हाइकांची झुंबड, मी गूळ तोलायलो, आन् चन्नबसम्मा पांढरीफटक होऊन आली. हळूच म्हणाली, "लिंग खुंटीवर हाय. पोरगी न्हाई."

उतरवून ठेवलं म्हंजे काय हो? आमच्या घरात त्याचा एकच अर्थ. त्यात आदल्या दिवशी मीच तिचा मोबाइल काढून घेतलेला, लय बोललेलो. तागडी तशीच सोडली, धोतराचा सोगा धरून सुटलो. नाक्यावर पानवाला बजरंग म्हणतो, "मालक, तुमची पाव्हणी सगुणाबाईच्या विहिरीकडं गेली की. चपला हातात होत्या." विहीर... तुमाला सांगतो, तसाच तिकडं पळालो. लेकीला कोणत्या तोंडानं फोन करू? भिऊ न्हाई तर काय करू?

काठावरून वाकून बघितलं तर पाण्यावर निळे केस पसरलेले, पोरगी उताणी, हालचाल न्हाई. मारली उडी. मधी हवेत असताना आठवलं, आपल्याला पोहता येत न्हाई.

पुढं नाकातोंडात पाणी, अंधार, आन् दोन पोरी दोन बगलांना धरून मला पायरीवर ओढायलेल्या. एक सृष्टी, दुसरी विहीरवाल्या सगुणाबाईची पोर धम्मशीला. ती हिला कधीपासून पोहायला शिकवायलीय, आन् तवा उताणं तरंगायचा धडा चालला होता म्हणं. मी पाणी ओकत विचारलं, "मग लिंग का काढलंस गं माय?"

"तुम्हीच म्हणालात ना आजोबा, हरवलं तर जीव जाईल? इथं पाण्यात पडलं असतं म्हणजे?"

आल्यापासून पोरीनं माझा एकच शब्द ऐकला, तो हा.

आता रोज सकाळी तेलाचा रिकामा डबा माझ्या पाठीला बांधून पोहायचा धडा. हुकूम सृष्टीचा. मी पायरी सोडत न्हाई, तर धम्मशीला हसती, "अप्पा, गुळाची ढेप तरंगंल, तुमी न्हाई." खाली ते हिरवं पाणी... सांगा, भिऊ न्हाई तर काय करू?

काल लेकीचा फोन आला, "बास झालं, सृष्टी, परत ये." मी पायरीवर कान टवकारून बसलो. डब्याची दोरी आवळता आवळता पोरगी म्हणाली, "आत्ता नाही जमायचं गं आई. आजोबांना एकटं सोडलं तर कधी कुठं उडी मारतील, भरवसा नाही."